दोन बोटांची गिटार

सातपूरच्या वस्त्यांत ज्याला दुसऱ्याच्या हाताकडे बघण्याची सवय आहे, त्याला एक गोष्ट लवकरच कळते. टपरीवर चहाचा ग्लास धरणारा हात, रेशनच्या रांगेत पिशवी सांभाळणारा हात, विहारात वंदनेला जोडलेले हात. त्यांत कुठे तरी एखादे बोट आखूड असते. कुणाचे एक पेर नसते, कुणाची दोन बोटे नसतात. विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते, "प्रेसवर." पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या पॉवर प्रेसची ओळख इथल्या बायाबापड्यांनाही आहे, त्यामुळे पुढे कुणी काही विचारीत नाही.

माझ्या बहिणीच्या मुलाचे तसेच झाले. आय.टी.आय. करून तो एका वर्कशॉपमध्ये लागला होता. डाव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका, दोन्हींची वरची दोन-दोन पेरे गेली. त्या वेळी त्याचे वय २२. त्या वर्कशॉपबद्दल इथे काही लिहीत नाही. ती बाब जिथे चालायची तिथे चालू आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या गिटारबद्दल.

पहिल्या बोनसमधून त्याने ती आणली होती. तेव्हा बहीण बोलली होती, "एवढ्या पैशात शिलाई मशीन आलं असतं." पुढे पोरगा रात्रपाळी नसली की ओट्यावर बसून वाजवायचा आणि ही आतून भाकरी थापता थापता गुणगुणायची. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने ती गिटार जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. मला म्हणाला, "मामा, कुणा पोराला देऊन टाका. माझ्या कामाची राहिली नाही." बहीण म्हणाली, "राहू दे की. काय खायला मागते का ती?"

मी स्वतः पेटीवाला. तरुणपणी गायन पार्टीत पेटी धरली ती अजून सुटली नाही. गिटार मला सिनेमातल्या हिरोच्या गळ्यात पाहून माहीत, तेवढीच. पण पोराचे तोंड बघवेना, म्हणून चौकशी सुरू केली. आज मोबाईलमुळे बर्मिंगहॅम आणि सातपूर यांत फारसे अंतर राहिलेले नाही.

मूळ अडचण काय?

गिटारला सहा तारा. उजव्या हाताने छेडायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी मानेवर दाबायच्या. मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी दाबून सहाही तारांचे स्वर एकमेकांशी जुळवून घेतात, त्या स्वरसमूहाला म्हणतात कॉर्ड. नेहमीच्या बहुतेक कॉर्डना तीन बोटे लागतात, काहींना चारही. ज्याच्याकडे तर्जनी आणि करंगळी एवढीच उरली त्याने काय करायचे?

न दाबता तारा नुसत्या छेडल्या तर? तेही जमत नाही. आपल्या सरगमीत सांगतो. सर्वांत जाड तार, म्हणजे सहावी, तिला सा धरले तर जाडीकडून बारकीकडे सुट्या तारा अशा बोलतात: सा, म, कोमल नी, कोमल ग, प, सा. पेटीवर हे सगळे सूर एकदम दाबून पाहा. गाणाऱ्याला त्यावर पाय ठेवायला जागा सापडत नाही.

आईने परत पाठवलेला मुलगा

गिटारच्या जगात हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण एका कारखान्यातल्या कामगाराचेच आहे. बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधील कारखान्यांचे शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करीत होता आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवीत होता. एका बँडबरोबर बाहेरगावी जायचे ठरले, म्हणून त्याने नोकरी सोडली. कारखान्यातला तो शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती. आई म्हणाली, काम पुरे करून ये. त्या दिवशी प्रेसवरची बाई आली नव्हती, म्हणून त्याला तिच्या यंत्रावर बसवले होते. यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक नेले. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्या आईच्या जिवाला काय वाटले असेल ते आपल्या माय-माउल्यांना मी सांगायला नको.

गिटार आता विसर, असे त्याला डॉक्टरांनी सांगितले. तो घरी बसून असताना कारखान्याचा फोरमन एक रेकॉर्ड घेऊन आला. ती होती जँगो राइनहार्टची. या जिप्सी गिटारवाल्याच्या राहत्या गाडीला १९२८ साली आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी आखडून निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर तो युरोपातला नामांकित वादक झाला. ते ऐकून आयोमी उठला. त्याने साबणाच्या प्लॅस्टिक बाटलीचे टोक वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर जुन्या जॅकेटचे चामडे चिकटवले. गिटारच्या तारा जाड पडतात म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून त्यांचा सूरच उतरवला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या तबकडीतली काही गाणी त्याने तीन पट्ट्या खाली उतरवून वाजवली आहेत. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडपासून हेवी मेटल नावाचा सगळा प्रकार सुरू झाला असे मानतात. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्येच बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हाही गिटार त्याच्याच हातात होती.

हे सगळे मी भाच्याला ऐकवले. त्याने शांतपणे हात पुढे केला आणि म्हणाला, "मामा, त्याची टोकं गेली होती. टोपी चढवायला बोट राहिलं होतं त्याचं. माझं कुठंय?"

खरे होते. धीर देणारी गोष्ट वेगळी आणि उपयोगी पडणारी गोष्ट वेगळी.

चिमटीचे काम

उपयोगी पडणारी गोष्ट निघाली ती एक चिमटी. तिला कॅपो म्हणतात. गिटारच्या मानेवर ती लावली की तिच्या रबराखाली सहाही तारा दाबल्या जातात आणि सगळी गिटार वरच्या पट्टीत जाते. गाणाऱ्याचा गळा उंच असेल तर वाजवणाऱ्याला बोटांची ठेवण बदलावी लागत नाही. आपल्या स्केल चेंजर पेटीचेच हे काम.

पण कुणाच्या तरी डोक्यात आले की सगळ्याच तारा का दाबायच्या? निवडक दाबल्या तर? यालाच अर्धा कॅपो म्हणू. अमेरिकेत हार्वी रीड या वादकाने आपल्या एका साथीदाराबरोबर १९८० साली असा कॅपो बाजारात आणला. त्यात प्रत्येक तारेसाठी रबराची वेगळी चकती असते. हवी ती फिरवून खाली घ्यायची, नको ती वर ठेवायची. नाव ठेवले 'थर्ड हॅण्ड', म्हणजे तिसरा हात. पुढे कायझर, शब यांसारख्या कंपन्यांनी फक्त तीन तारा दाबणारे साधे कॅपो काढले.

बाहेरचा माल मागवायची गरज पडली नाही. साधा स्प्रिंगचा कॅपो वाद्यांच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. भाच्याचा एक दोस्त फिटर आहे. त्याने कॅपो मानेवर लावून रबरावर पेनने खुणा केल्या. सहावी, दुसरी आणि पहिली या तीन तारांवरचे रबर ब्लेडने काढून टाकले. पाचवी, चौथी, तिसरी यांच्यावरचे तसेच ठेवले. एका ठिकाणी धातू तारेला घासत होता, तिथे कानस फिरवली. अर्ध्या तासाचे काम. ज्या हातांना मायक्रॉनची मापे कळतात त्यांना हे काय अवघड!

हा कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावायचा. आता सुट्या तारा कशा बोलतात पाहा: सा, प, सा, म, प, सा. कोमल नी गेला, कोमल ग गेला. सा आणि प यांच्या मधोमध एक म तेवढा लोंबकळतो. तंबोरा ऐकलेल्या माणसाच्या कानाला हे लगेच ओळखीचे वाटते. वाडवडिलांचे तुणतुणे तरी दुसरे काय करीत होते? एक सूर धरून ठेवायचा, गाणाऱ्याने त्याच्या आधाराने कुठेही फिरून यावे.

तीन जागा

आता बोटांचे काम. वाचकहो, घरात गिटार असेल तर ती घेऊनच बसा. इथले फ्रेटचे आकडे मानेच्या टोकाकडून मोजायचे.

पहिली जागा: तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला तर्जनी. तो लोंबकळणारा म आता प झाला. तारा बोलतात सा, प, सा, प, प, सा. गाण्याचे हे घर. धृपदाची ओळ इथे येऊन टेकते.

दुसरी जागा: तर्जनी उचला आणि सहाव्या, जाड तारेवर पाचव्या फ्रेटला करंगळी ठेवा. खालचा सूर म झाला. तारा बोलतात म, प, सा, म, प, सा. कडवे उचलताना चाल वर चढू लागते तेव्हा इथे यायचे.

तिसरी जागा: तर्जनी जरा आडवी करून चौथी आणि तिसरी या दोन तारा चौथ्या फ्रेटला एकदम दाबा. जाड तार इथे छेडायची नाही, पाचवीपासून सुरुवात करायची. प, रे, प, प, सा. ओळ संपत आली, आता घरी जायचे आहे, असे कानाला सांगणारी ही जागा.

बस्स, इतकेच. एका जागेला एक बोट. मधले बोट आणि अनामिका यांचे काम कुठेच नाही. पहिले दोन दिवस भाच्याची करंगळी जाड तारेवर घसरत होती, कारण त्या बोटाला आजवर कुणी कामाला लावलेच नव्हते. आठवड्याभरात ती सरावली.

या तिन्ही जागांत गंधार नाही, हे पेटीवाला म्हणून माझ्या लगेच लक्षात आले. इंग्रजी पद्धतीच्या कॉर्डमध्ये गंधार असतोच. तो शुद्ध की कोमल यावर कॉर्डची जात ठरते (जात हा शब्द इथे वापरताना मलाही कसेसे होते, पण संगीतवाले तोच वापरतात) आणि गाण्यात दुसरा गंधार आला की टक्कर होते. आपल्या चालींत तर एकाच कडव्यात दोन्ही गंधार येऊन जातात. इथे कॉर्डमध्ये गंधारच नसल्याने गाणाऱ्याला मोकळीक. अडचणीत शोधलेली ही ठेवण आपल्या गाण्याला नेहमीच्या ठेवणीपेक्षा बरी बसते, असे माझे मत झाले आहे. गिटारवाले मास्तर वाद घालतील, घालोत.

उजव्या हाताचे म्हणाल तर केरवा ज्याच्या अंगात आहे त्याला शिकवावे लागत नाही. 'धा'वर अंगठ्याने जाड तार, 'ना'वर बाकीच्या तारा. ढोलकीवाला शेजारी असेल तर त्याच्या थापेखाली जायचे. पुढे धावायचे नाही.

काळी एक

पट्टीचा घोळ मात्र झाला. ही ठेवण जशीच्या तशी वाजवली तर सा येतो पांढरी तीनवर. भाच्याचा गळा काळी एकचा. मग आयोमीची युक्ती आठवली. सहाही तारा तीन-तीन पट्ट्या खाली उतरवल्या की बरोबर काळी एक येते. तारा सैल झाल्याने बोटालाही कमी लागते, हा दुहेरी फायदा. काळी दोन हवी असेल तर एकच पट्टी उतरवा. बायकांच्या किंवा लहान मुलांच्या गळ्यासाठी वर जायचे असेल तर आणखी एक साधा, पुरा कॅपो लागतो. तो पहिल्या फ्रेटवर आणि अर्धा कॅपो तिसऱ्यावर लावला की पांढरी चार. पुरा दुसऱ्यावर, अर्धा चौथ्यावर म्हणजे काळी तीन. दोन्हींत दोन फ्रेटचे अंतर ठेवायचे आणि बोटेही तितकीच पुढे सरकवायची.

यात सगळे वाजते असे समजू नका. सिनेमाच्या ज्या गाण्यांत ओळीगणिक कॉर्ड बदलते, ती यावर होणार नाहीत. मध्येच पट्टी बदलणारे गाणे होणार नाही. पण सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांपासून (१९२२-२००४) आजपर्यंत आपल्या लोकांनी जी गाणी गावोगावी नेली, ती तुणतुणे, ढोलकी आणि पेटीवर नेली. त्यांना शब्द ऐकू जायला हवे होते, कॉर्डची गर्दी नको होती. चेन्नईच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने २०१८ मध्ये पहिला कार्यक्रम केला; त्यांच्याकडे वस्तीतला गाना आणि गिटार एकाच मंचावर आहेत. गिटार साहेबांचे वाद्य, हा समज आता जुना झाला.

एका ओळखीच्या गिटार शिक्षकाने मात्र नाक मुरडले. "ही पळवाट आहे, मुलाला सवय लागेल." मी त्याला म्हटले, जयंतीच्या मिरवणुकीत तू बेंजो ऐकतोस ना? त्यात वाजवणारा तार बोटाने दाबतच नाही, बटण दाबतो आणि बटण तार दाबते. ते वाद्य मूळचे जपानचे, १९१२ साली नागोयात तयार झालेल्या 'ताइशोगोतो'चे भावंड. त्यावर आपली दोन-तीन पिढ्यांची पोरे नाचली, कुणी त्याला पळवाट म्हटले का? स्केल चेंजर पेटीला म्हटले? तो हसला. नंतर त्यानेच सांगितले की आठ-दहा वर्षांच्या मुलांची बोटे लहान असतात, तीन तारा दाबताना ती रडकुंडीला येतात आणि निम्मी मुले तिथेच सोडून जातात. त्यांना सुरुवातीला हा कॅपो देऊन बघतो. मुलांच्या आयांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

बोटांचा हिशेब

हे सगळे चालू असताना एके रात्री भाच्याने मला कागद दाखवला. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे दर लिहिलेले होते, शेकडा किती कमावण्याची शक्ती गेली याचे. अंगठा ३०. तर्जनी पूर्ण १४. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी, प्रत्येकी ७. एका हाताची दोन बोटे, २०. तो म्हणाला, "मामा, करंगळीला सातच धरलेत. माझा म तिच्यावर उभाय."

मी त्याला म्हटले, गाण्याचा हिशेब वेगळा, पण कायद्यातला हिशेब सोडायचा नाही. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अदारकर अहवाल १९४४ साली आला, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते; त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. सातपूरला कामगार विम्याचे रुग्णालय उभे आहे ते त्या वाटेनेच. अपघात झाला की त्याच दिवशी नोंद झाली पाहिजे. कागदाची प्रत घरी पाहिजे. जखम भरली म्हणून मेडिकल बोर्ड टाळायचे नाही. "घरी बस, पगार देतो, कुठे लिहू नको" असे सांगणारा भला माणूस भेटतो. त्याचे ऐकून आमच्या ओळखीच्या एकाने सगळा हक्क घालवला.

गिटारबाबतही एक सांगतो. जखम पूर्ण भरेपर्यंत तारेला हात लावू नये. तुटलेल्या बोटाच्या टोकाला कधी कधी विजेसारखी कळ येते, ती सहन करून वाजवण्यात शहाणपण नाही; डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीला रोज पंधरा मिनिटे पुरेत. लोखंडी तारा फार लागत असतील तर नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी. मात्र तिची मान रुंद असते, कॅपो तसा बघून घ्यावा. आणि ज्याच्या डाव्या हाताला एकही बोट उरले नाही त्याने गिटार उलटी धरावी, तारांचा क्रम बदलून घ्यावा, उजव्याने दाबावे आणि डाव्याला छेडण्याचे काम द्यावे.

या शेवटच्या वाक्यामुळे गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पलीकडच्या गल्लीतले. भाच्याचे वाजवणे ओट्यावरून जाता-येता ऐकत असत. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे १९९८ साली गेली. डावा धडधाकट आहे. त्यांनी दारातूनच विचारले, "माझा दाबायचा हात चांगला आहे, पण छेडायचं कशानं? पिक धरवत नाही."

भाचा त्यांचा हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. अंगठा कुठवर वळतो, तळव्यात जोर किती आहे. मग म्हणाला, "काका, सायकलच्या ट्यूबचा पट्टा करू. मनगटापासून अंगठ्यापर्यंत घ्यायचा, त्याला चीर देऊन पिक अडकवायचं. फिटर दोस्ताला सांगतो. रविवारी सुट्टी आहे ना तुम्हाला?"

बहीण आतून म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणावं त्यांना."